कात्सुरानिसच्या सीव्हीवरचं पुणे

वाकडहून हायवेने पुण्याकडे निघालं, मुळा नदी ओलांडली, की उजव्या हाताला बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल दिसतं. पिंपरी-चिंचवडमधल्या बहुतेकांची या मैदानाशी काही ना काही ओळख असते. कुणी शाळेत असताना स्पर्धेला गेलेलं असतं, कुणी मित्राला चीअर करायला. पण युरो कप जिंकलेला एक खेळाडू इथे अख्खा सीझन खेळून गेलाय, हे विचारलं तर दहातले आठ जण म्हणतील, ‘हो हो, त्रेझेगे!’

त्रेझेगे नाही. म्हणजे तोही होता, त्याच टीममध्ये होता आणि २००० चा युरो कप त्याच्याही नावावर आहे. पोस्टरवर त्याचाच फोटो होता. पण मी बोलतोय तो पोस्टरवर नसलेल्या माणसाबद्दल. कोस्तास कात्सुरानिस. ग्रीसचा मिडफिल्डर, देशासाठी ११६ सामने. २०१४ मध्ये आयएसएलचा पहिला सीझन झाला तेव्हा एफसी पुणे सिटीकडून तो खेळला.

त्याचं नाव चटकन आठवत नाही यात तुमचा दोष नाही. त्याची जागाच तशी होती. डिफेन्सच्या जरा पुढे उभं राहायचं, समोरून येणारा हल्ला वाटेतच मोडायचा, बॉल काढून घ्यायचा आणि आपल्यापेक्षा जास्त कौतुक होणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा. चाकणच्या भाषेत सांगायचं तर हा मेंटेनन्सवाला. लाइन सुरळीत चालली की त्याची कुणाला आठवण नसते, बंद पडली की आधी त्याच्याच नावाने शिमगा. हायलाइट्स बघणाऱ्याला हा माणूस दिसतच नाही. पूर्ण ९० मिनिटं बघावी लागतात, तेव्हा कळतं की समोरच्या टीमला आज मधूनच का जाता येत नाहीये.

पण मला त्याच्या खेळापेक्षाही त्याचं करिअर जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कारण बाहेरगावी नोकरीला जाणं, कॉन्ट्रॅक्ट, कंपनी अडचणीत येणं, पुन्हा घरी परतणं, हे सगळं त्यात आहे. आणि हे शब्द आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

कात्सुरानिस १९७९ चा. गाव पात्रास, ग्रीसमधलं बंदराचं शहर. गावच्याच पानाखायकी क्लबमध्ये तो १७ व्या वर्षी आला आणि २३ व्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. सहा वर्षं! आपल्याकडे २२ व्या वर्षी पॅकेज नाही मिळालं तर घरात चर्चासत्रं सुरू होतात. फुटबॉलमध्ये तर घाई आणखी जास्त असते, १८ व्या वर्षी मोठ्या क्लबने उचललं नाही की पोरगं ‘गेलं’ असं समजतात. हा गडी २३ व्या वर्षी अथेन्सला गेला, एईके या क्लबमध्ये. देशाबाहेर पडला तेव्हा २७ चा होता.

मधल्या काळात जे घडलं ते फुटबॉलच्या इतिहासात आहे. २००४ चा युरो कप पोर्तुगालमध्ये होता. ग्रीसने तोवर कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. ऑटो रेहागेल या जर्मन कोचने टीमला एकच गोष्ट शिकवली होती, समोरच्याला खेळूच द्यायचं नाही. पहिल्याच सामन्यात यजमान पोर्तुगालला २-१ हरवलं. क्वार्टर फायनलला फ्रान्सला १-० (या सामन्यात फ्रान्सकडून पुढे खेळत होता आपला त्रेझेगे). सेमीफायनलला चेक प्रजासत्ताकाला १-०. आणि ४ जुलैला फायनलमध्ये पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा १-०. करिस्तेआसचं हेडर आत गेलं आणि बाकीचा वेळ पोर्तुगालने डोकं आपटून घेतलं. त्यांच्यासमोरच्या भिंतीतली एक वीट कात्सुरानिस होता. अनेकांना ग्रीसचा तो खेळ कंटाळवाणा वाटला, आजही वाटतो. मला वाटत नाही. ज्याच्याकडे फिगो नाही, रोनाल्डो नाही, त्याने जिंकायचं कसं, याचं ते उत्तर होतं.

ती फायनल झाली लिस्बनच्या एस्टाडिओ दा लूझवर. हे मैदान बेन्फिका क्लबचं. आणि दोन वर्षांनी, २००६ मध्ये, कात्सुरानिस नोकरीला कुठे गेला? बेन्फिकात! ज्या मैदानावर त्याने अख्ख्या पोर्तुगालला रडवलं, तेच आता त्याचं घरचं मैदान. पहिल्यांदा तिथे जर्सी घालून उतरताना स्टँडमधल्या लोकांनी काय विचार केला असेल, देव जाणे.

त्याला तिथे नेणारा माणूस होता फर्नांडो सँटोस. हा पोर्तुगीज कोच आधी अथेन्समध्ये एईकेला होता. कात्सुरानिसचं काम त्याने रोज सरावात बघितलं होतं. मेंटेनन्सवाल्याची किंमत हायलाइट्स बघून कळत नाही, ती शेजारी काम केलेल्यालाच कळते. सँटोस बेन्फिकाला गेला आणि याला घेऊन गेला. आपल्याकडेही पहिली चांगली नोकरी अशीच लागते की, जुना सुपरवायझर नव्या कंपनीत जातो आणि फोन करतो, ‘येतोस का?’

गंमत म्हणजे २००७ मध्ये, नवा सीझन सुरू होतानाच, सँटोसलाच बेन्फिकाने काढलं. ज्याच्या भरवशावर परदेशी आलो तोच गेला, अशी वेळ. कात्सुरानिस टिकला, २००९ पर्यंत. मिडफिल्डला खेळला, गरज पडली तेव्हा डिफेन्समध्येही उभा राहिला. शेवटच्या सीझनला लीग कपही मिळाला. सँटोसची आणि त्याची गाठ पुढे पुन्हा पडली, कारण २०१० ते २०१४ ग्रीसच्या राष्ट्रीय टीमचा कोच सँटोसच होता. (नंतर याच सँटोसने २०१६ मध्ये पोर्तुगालला युरो कप जिंकून दिला. माणसाचं वर्तुळ किती छोटं असतं बघा.)

२००९ मध्ये कात्सुरानिस ग्रीसला परतला, पानाथिनायकोसमध्ये. पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही. आणि नेमकं त्याच वेळी, २०१० मध्ये, ग्रीसचं दिवाळं वाजायला लागलं. सरकारवर कर्जाचा डोंगर, युरोपकडून घेतलेलं बेलआउट, पगारकपात, पेन्शनकपात. २०१३ पर्यंत देशातल्या चारातल्या एकाहून जास्त माणसांना काम नव्हतं आणि तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त बेकार होते. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या बाकांवर बसलेल्यांना डिग्रीनंतर काहीच नाही, असं समजा. हजारो शिकलेली पोरं जर्मनीला गेली. आज आपल्याकडे आकुर्डी-निगडीच्या क्लासमध्ये जर्मनची ए-वन, ए-टू करणारी मुलं दिसतात, तशीच. फुटबॉल क्लबांनाही झळ बसली. कात्सुरानिसचा जुना क्लब एईके कर्जात इतका बुडाला की २०१३ मध्ये पहिल्या डिव्हिजनमधून बाहेर पडला आणि थेट तिसऱ्या डिव्हिजनपासून नव्याने सुरुवात केली. कात्सुरानिस तोवर थेसालोनिकीच्या पाओक क्लबमध्ये होता.

मग आलं २०१४. जूनमध्ये ब्राझीलला वर्ल्ड कप. जपानविरुद्धच्या सामन्यात कात्सुरानिसला ३८ व्या मिनिटाला दुसरं यलो कार्ड मिळालं आणि तो बाहेर. उरलेले दहा जण ०-० वर टिकून राहिले. ग्रीस पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या बाद फेरीत पोहोचला आणि कोस्टा रिकाकडून पेनल्टीवर हरला. आणि त्यानंतर चार महिन्यांत, वयाच्या ३५ व्या वर्षी, हा माणूस बालेवाडीत.

आयएसएलचा तो पहिला सीझन म्हणजे जत्रा होती. आठ टीम, दोन-सव्वादोन महिन्यांत सगळा खेळ उरकायचा. दिल्लीत देल पिएरो, मुंबईत ल्युनबर्ग, गोव्यात पिरेस, केरळात गोलकीपर डेव्हिड जेम्स. पुण्यात त्रेझेगे आणि मालकांमध्ये हृतिक रोशन. इटलीच्या फिओरेंटिनाशी भागीदारी, कोचही इटालियन, फ्रँको कोलोम्बा. पुण्याची सुरुवात बेकार झाली. दुसऱ्याच सामन्यात मुंबईने ५-० धुतलं, लीगची पहिली हॅट्ट्रिकही आपल्याच विरुद्ध लागली. आणि शेजारच्या शहराकडून हरणं आपल्याला किती लागतं ते सांगायला नको. मग बालेवाडीत गोव्याला २-० हरवून पहिला विजय मिळाला. गोल कुणाचे? एक त्रेझेगेचा, एक कात्सुरानिसचा. दहा वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले दोघे इथे आपल्यासाठी गोल करत होते. शेवटी पुणे आठात सहावं आलं. लीग संपली, कॉन्ट्रॅक्ट संपलं, कात्सुरानिस गेला. ग्रीसमध्ये आत्रोमितोस आणि मग ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा हायडेलबर्ग युनायटेड, तिथे त्याचं खेळाडू म्हणून करिअर आटोपलं.

आता त्याचा सीव्ही समोर ठेवा. पानाखायकी, एईके, बेन्फिका, पानाथिनायकोस, पाओक, पुणे सिटी, आत्रोमितोस, हायडेलबर्ग. यातले सात क्लब आजही आहेत. एक नाही. तो आपला.

एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. मालक आर्थिक अडचणीत आले आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. त्याआधीच्या वर्षी हीच टीम पहिल्या चारात आली होती, म्हणजे खेळात खोट नव्हती. आणि हा एकटाच क्लब नाही. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता, २०१५ ला सीनियर टीम बंद. भारत एफसी एकाच सीझनचा पाहुणा. डीएसके शिवाजियन्स २०१७ ला संपला. दहा-बारा वर्षांत चार क्लब. पुणे एफसीची अकॅडमी तर आपल्या महापालिकेच्या हद्दीत होती, देहूरोडजवळ मामुर्डीत. पुढे ती पुणे सिटीकडे गेली. एक्सप्रेसवेला लागताना जे मामुर्डी-किवळे लागतं, तेच. महाराष्ट्रातल्या पोरासाठी घराजवळून प्रोफेशनल फुटबॉलपर्यंत जाणारा एक सरळ रस्ता तिथून निघत होता.

चारही क्लबांचं दुखणं एकच. ते कुणा ना कुणा उद्योगाचे होते. उद्योगसमूहाने खेळावर पैसा लावला हे चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण फुटबॉल क्लब हा त्यांच्या वहीतला एक खर्च होता. धंदा अडचणीत आला किंवा हिशेब जुळेना, की तो खर्च पहिला कापला जाणार. चाकणमध्ये ऑर्डर कमी झाली की आधी कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ब्रेक मिळतो, तसंच हे.

एईके का मेला नाही मग? पैसे तर त्यांच्याकडेही नव्हते. एईकेतला ‘के’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. १९२० च्या दशकात तिकडून परागंदा होऊन अथेन्समध्ये आलेल्या ग्रीक निर्वासितांनी १९२४ मध्ये हा क्लब काढला. पाओकचीही गोष्ट तीच, साल फक्त १९२६ आणि शहर थेसालोनिकी. गाव सुटलेल्या लोकांनी नव्या शहरात आपली एक जागा तयार केली होती. तिसऱ्या डिव्हिजनच्या छोट्या मैदानांवरही एईकेचे लोक आले. २०१५ ला क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये परतला आणि २०१८ ला चॅम्पियन झाला.

हे वाचताना मला सारखं पिंपरी-चिंचवडच डोळ्यांपुढे येतं. इथे मूळ गाववाले किती आणि बाहेरून आलेले किती? खान्देशातून, मराठवाड्यातून, साताऱ्याकडून, केरळातून, बिहारमधून माणसं आली ती कंपन्यांसाठी. त्यांनी आपापली मित्रमंडळं काढली, समाजाचे हॉल बांधले, देवळं उभी केली, गणपती बसवले. वर्गणी मागण्यात आणि देण्यात आपण कुठे कमी आहोत? हे सगळं ५०-५० वर्षं चाललंय, कुठल्याही स्पॉन्सरची वाट न बघता. फक्त फुटबॉल क्लब म्हटलं की आपण एखाद्या मोठ्या मालकाची आणि परदेशी स्टारची वाट बघत बसतो. मोठ्या पगाराची आयएसएल टीम वर्गणीतून उभी राहणार नाही, हे मलाही कळतं. पण जिल्हा लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळणारा, मालक बदलला तरी नाव न बदलणारा क्लब उभा राहू शकतो. आज चिंचवडच्या एखाद्या पोराला खरंच पुढे जायचं असेल तर जवळच्या आयएसएल टीम मुंबई आणि गोव्यात आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला. पण त्याचं प्रोफेशनल करिअर पुण्याबाहेरच झालं.

आणि कात्सुरानिसचा तो शेवटचा क्लब? मेलबर्नचा हायडेलबर्ग युनायटेडही स्थलांतरितांचाच, कामाधंद्यासाठी ऑस्ट्रेलियात गेलेल्या ग्रीक लोकांनी काढलेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंच्या सरावासाठी बांधलेल्या मैदानावर ते खेळतात. आपलं बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं होतं. हायडेलबर्गचे सामने तिथे आजही होतात.