पोटावरचा हात

पाचवा महिना लागता लागता एखाद्या दुपारी, भाकरी थापताना नाहीतर जरा आडवे झाल्यावर, पोटात काहीतरी फडफडल्यासारखे होते. पहिलटकरणीला वाटते, वाताचा प्रकार असेल. दुसऱ्या दिवशी तीच फडफड, पाण्यात मासोळी वळावी तशी. मग सासूला किंवा जावेला हळूच विचारले जाते आणि त्या हसून सांगतात, "अगं, बाळ हललं ते!" पहिल्या खेपेला ही ओळख बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास होते, पुढच्या खेपांना थोडी आधी. वार जर गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असली तर आणखी उशीर लागतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

या फडफडीला तुम्ही हाताने उत्तर देऊ शकता, एवढेच आज सांगायचे आहे. ऐकायला साधे वाटते. पण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घराघरांतले बायकांचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना विचारा, गरोदर बाईला स्वतःच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटे बसायला कधी मिळते? पहाटे चूल, मग पाणी, मग गोठा, मग रान. भीमेकाठी ऊस तर शिरूरच्या पाबळ भागात पाण्यासाठी पायपीट. काम निराळे, थकवा एकच. नवरा रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळीला, नाहीतर रेल्वेत, नाहीतर दौंडच्या राखीव पोलीस दलातला आणि बंदोबस्तासाठी कुठल्या तरी दूर जिल्ह्यात. उसाच्या हंगामात कोपीत राहणाऱ्या तोडणीवाल्या बाईचे तर बोलायलाच नको. आणि या सगळ्यावर मनातली एक धास्ती, जी कोणी उघड बोलत नाही : मुलगा होईल की मुलगी?

हा ताण नुसता मनात राहत नाही. चिंता वाढली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. बाळाच्या बाजूने निसर्गाने एक पहारेकरी ठेवला आहे : वारेतले एक विकर या द्रव्याचा बराचसा भाग निष्क्रिय करून मगच पुढे जाऊ देते. पण ताण फार आणि फार दिवस राहिला, तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, असे अनेक देशांतल्या पाहणीत आढळले आहे. कमी वजनाचा प्रश्न आपल्याकडे जुनाच. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची बारकाईने पाहणी केली. त्या आयांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो आणि बाळांचे जन्मवजन सुमारे २.७ किलो. ज्या बायकांना अंगमेहनतीचे काम जास्त, त्यांची बाळे लहान, असेही त्यात दिसले. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवते : पोटावर हात ठेवल्याने भाकरीची आणि विश्रांतीची भरपाई होत नाही. घरच्यांनी हंडा उचलायला हवा तो हवाच.

आता बाळाला स्पर्श कळतो का, ते पाहू. आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पोटातले बाळ म्हटले की आपल्याला आधी कान आठवतात. खरे पाहता कानांआधी कातडी जागी होते. आठव्या आठवड्याच्या सुमारास ओठांभोवतीची जागा स्पर्शाला दाद देऊ लागते आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत पाठ व टाळू सोडून बहुतेक सारे अंग. ही दाद म्हणजे समज नव्हे, शरीराचा तो आपोआप होणारा प्रतिसाद असतो. पण सुरुवात तिथून होते. आवाज त्यानंतर पुष्कळ आठवड्यांनी येतो.

स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात व्हायोला मार्क्स आणि एमेशे नॉज या दोन संशोधिकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस गर्भवतींच्या पोटातली बाळे सोनोग्राफीवर पाहिली : आई बोलत असताना, आई पोटावर हात फिरवीत असताना आणि आई नुसती स्वस्थ पडलेली असताना. आईचा हात पोटावर आला की बाळांच्या हातांच्या, डोक्याच्या आणि तोंडाच्या हालचाली वाढत. दोनच वर्षांनी त्यांनी आणखी बारीक निरीक्षण केले. शेवटच्या तीन महिन्यांतली बाळे, आईने हात ठेवल्यावर, गर्भाशयाच्या भिंतीला स्वतः अधिक वेळ हात लावून राहताना दिसली. प्रयोग लहान आहेत; बाळाला त्यातून काय वाटले हे कुठलेही यंत्र सांगत नाही. पण बाहेरचा हात आत पोचतो, एवढे मानायला हरकत नाही.

या गोष्टीचे शास्त्र करू पाहणारा गृहस्थ हॉलंडचा, फ्रान्स वेल्डमन त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्याने माणसामाणसांतल्या स्पर्शाचा विचार मांडला आणि त्याला हॅप्टोनॉमी असे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या स्पर्श आणि नियम या अर्थाच्या शब्दांवरून. पुढे फ्रान्समध्ये गरोदर स्त्री आणि तिचा नवरा या दोघांना बसवून ते शिकविण्याची प्रथा पडली. त्यातले काही दावे जरा जास्तच मोठे आहेत, असे माझे मत. गाभा मात्र घरगुती आहे.

आणि तो आपल्याला परका तरी कुठे आहे? गर्भवतीला सुश्रुताने चौथ्या महिन्यापासून दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. आपला डोहाळे हा शब्द त्याच घराण्यातला. डोहाळजेवणाला आपण पाच-पंचवीस बायका जमवितो, ओटी भरतो, झोपाळा फुलांनी सजवितो. सगळे हात तिच्याभोवती असतात. एकच हात राहून जातो, तिचा स्वतःचा.

करायचे कसे ते ऐका. पाचव्या महिन्यानंतर, बाळाची हालचाल कळू लागली की सुरू करावे. या सुमारास गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीच्या पातळीला येतो, म्हणून हाताखाली जागा नीट लागते. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या. भिंतीला उशी लावून अर्धवट टेका, नाहीतर डाव्या कुशीवर पडा. शेवटच्या महिन्यांत उताणे पडू नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. तळवे एकमेकांवर चोळून ऊबदार करा. मग दोन्ही तळवे पोटावर नुसते ठेवा. दाबायचे नाही, चोळायचे नाही. श्वास सावकाश सोडा. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल, हा काय पोरखेळ! तरी थांबा. बाळ एका जागी ढोसले की त्याच जागी तळहात हलकेच टेकवा. पुन्हा ढोसले, पुन्हा टेकवा. काही दिवसांनी हात थोडा बाजूला ठेवून पाहा. कधी कधी बाळ तिकडेच वळते. कधी वळतही नाही, कारण ते झोपलेले असते. वीस ते चाळीस मिनिटे झोपायचे, मग जागे व्हायचे, असा त्याचा क्रम. त्याला मुद्दाम उठवू नका.

यात बाळापेक्षा आईला काय मिळते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दिवसभर जिच्याकडून सगळे काम मागतात, तिला दहा मिनिटे कुणी काही मागत नाही. श्वास लांबतो, खांदे सैल पडतात. शिवाय पोटातला जीव हा मुलगा की मुलगी या प्रश्नातून सुटून एक ओळखीचा जीव होतो : रात्री नऊनंतर जागणारा, उजव्या कुशीला लाथ मारणारा. या प्रश्नाचे ओझे थोडे नाही. लिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली आणि सबंध देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २३ टक्के बाळंतिणींना प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांत उदासीनतेने ग्रासलेले आढळले. त्यात मुलगी झाल्याची बोलणी आणि नवऱ्याची मारहाण यांचा मोठा वाटा होता. तळहाताला मुलगा-मुलगी कळत नाही, हे किती बरे आहे!

जपानमध्ये निशिकावा आणि साकाकिबारा यांनी २०१३ साली आणखी एक उपयोगी गोष्ट दाखविली. डॉक्टर व नर्सबाई पोट तपासताना चार पद्धतींनी हात लावून बाळ कसे आहे ते ओळखतात. लिओपोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने त्या ओळखल्या जातात. त्याच पद्धती या संशोधकांनी आयांनाच शिकविल्या. डोके टणक आणि वाटोळे, कुल्ले मऊ, पाठ सपाट व लांब. ज्यांना हे शिकविले त्यांची बाळाबद्दलची ओढ वाढली. उलट नॉर्वेत २०१२ साली आयांना नुसत्या लाथा मोजायला सांगून पाहिले, तेव्हा ओढीत काही फरक पडला नाही. मोजणे वेगळे, ओळखणे वेगळे.

तरी मोजण्याचे महत्त्व आहे, ते दुसऱ्या कारणासाठी. सातव्या महिन्यानंतर तुमच्या बाळाची रोजची चाल तुम्हाला पाठ होते. ती एकाएकी मंदावली, तर हात ठेवून वाट पाहत बसू नका. उद्यावर ढकलू नका, दवाखाना गाठा. अंगावर जाणे, पाणी जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोट ठरावीक वेळाने दगडासारखे कडक होणे, यांपैकी काही झाले तरी तेच. १०८ ला फोन करावा. हात फिरविताना पोट आखडू लागले तर हात काढून घ्यावा. आणि कुणी पोट चोळून बाळ सरळ करून देते म्हणाली, तर तिला नमस्कार करून परत पाठवा. त्याने वार सुटण्याचा धोका असतो.

झोप उडाली, रडू आवरेना, जीव नकोसा वाटू लागला, तर ते या दहा मिनिटांच्या आवाक्याबाहेरचे दुखणे आहे आणि त्याला औषधोपचार आहेत. आशाताईला सांगा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

नवरोजींविषयी राहिलेच. वडीलधाऱ्यांसमोर तो बायकोच्या पोटाला हात लावणार नाही, हे मी जाणते. पण दुसरी पाळी संपवून रात्री साडेबारापर्यंत तो घरी येतो, घर निजलेले असते आणि बाळ बहुधा त्याच वेळी जागे असते. त्याने आपला हात तिच्या हाताखाली द्यावा. कुठे ठेवायचा ते ती दाखवील. पहिले बाळंतपण माहेरी असले, तर सातव्या महिन्यात ती जाण्याआधी एवढे जरूर व्हावे.

आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी असते, तिथे गर्दी असली तरी संकोच करू नका. नर्सबाईंनी पोटावर हात ठेवला की विचारा, "बाई, बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे?" त्या तुमचा हात धरून तिथे ठेवतील. दोन मिनिटांचेही काम नाही.