ढगांतून धावपट्टीकडे : अखेरच्या दोनशे फुटांचा निर्णय

२७ नोव्हेंबर २०२२. अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुटीनंतरचा रविवार. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स येथून निघालेले ‘मूनी’ जातीचे, एका इंजिनाचे छोटे खासगी विमान मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्गच्या लहानशा विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. विमानात वैमानिक आणि एक सहप्रवासी असे दोघेच. अंधार पडलेला, धुके दाटलेले आणि ढग जमिनीपासून जेमतेम दोनशे फुटांवर आलेले. धावपट्टी मैलभराहून थोडी अधिक दूर असतानाच विमान उच्चदाब वीजवाहिनीच्या मनोऱ्यात घुसले आणि सुमारे शंभर फुटांवर तसेच लटकून राहिले. हजारो घरांची वीज गेली, परिसरातील शाळांना दुसऱ्या दिवशी सुटी द्यावी लागली. वाहिनीतील विजेचा धोका पूर्णपणे दूर करून आणि विमान मनोऱ्याला जखडून मग दोघांना खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. दोघे जखमी झाले, पण वाचले.

अशा अपघातातून सहसा कोणी वाचत नाही. म्हणूनच एकटा वैमानिक, छोटे विमान आणि काहीही न दाखवणारे ढग अशा स्थितीत विमान सुखरूप उतरवण्याचे शास्त्र नेमके काय आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरते.

शरीर फसवते

ढगात शिरल्यावर क्षितिज नाहीसे होते. तोल सांभाळण्याची कानातील यंत्रणा अशा वेळी चुकीचे संदेश देऊ लागते. विमान हळूहळू एका बाजूला कलत असले तरी वैमानिकाला आपण सरळच चाललो आहोत असे वाटते आणि विमान सरळ केल्यावर ते उलट बाजूला कलल्याचा भास होतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झालेल्या एका प्रयोगात, उपकरणांवर विसंबून उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना ढगातील उड्डाणाचा आभास देण्यात आला. विसांपैकी प्रत्येकाचे विमानावरील नियंत्रण सुटले आणि त्याला सरासरी अवघे १७८ सेकंद लागले.

यावरचा उपाय त्याआधीच सापडला होता. जिमी डुलिटल या अमेरिकी वैमानिकाने २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर अजिबात न पाहता, निव्वळ उपकरणांच्या आधारे उड्डाण केले आणि विमान उतरवूनही दाखवले. कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक आणि उंचीमापक यांच्यावर शरीराच्या जाणिवेपेक्षा अधिक भरवसा ठेवायचा, हा धडा तेव्हापासून प्रत्येक वैमानिकाला गिरवावा लागतो.

अदृश्य घसरगुंडी आणि अदृश्य जिना

ढगांतून धावपट्टीपर्यंत येण्याच्या आखीव मार्गाला ‘इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच’ म्हणतात. त्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम’ अर्थात आयएलएस. धावपट्टीजवळून दोन रेडिओ किरणशलाका सोडल्या जातात. ‘लोकलायझर’ विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे की नाही हे सांगतो, तर ‘ग्लाइड स्लोप’ साधारण तीन अंशांच्या उतारावर विमानाला खाली आणतो. ही जणू आकाशातून धावपट्टीपर्यंत टाकलेली अदृश्य घसरगुंडीच. ताशी ९० नॉट वेगाने येणाऱ्या छोट्या विमानाला या उतारावर राहण्यासाठी मिनिटाला सुमारे पावणेपाचशे फूट खाली यावे लागते.

लहान विमानतळांना आयएलएस परवडत नाही. तेथे उपग्रहांच्या मदतीने आखलेले मार्ग वापरले जातात. त्यांच्या साध्या प्रकारात घसरगुंडीऐवजी जिना असतो. अमुक बिंदू ओलांडेपर्यंत अमुक उंचीच्या खाली यायचे नाही, अशा पायऱ्या नकाशावर दिलेल्या असतात. प्रत्येक पायरी खालच्या टेकड्या, इमारती आणि मनोरे लक्षात घेऊन ठरवलेली असते. गेथर्सबर्गचे विमान अशाच उपग्रहाधारित मार्गाने येत होते. वाटेत ते दिलेल्या दिशेवरून भरकटत असल्याचे रडारवरील नियंत्रकाने लक्षात आणून दिले होते. पुढे ते मार्गावरील ठरावीक बिंदूंवर किमान उंचीच्या बरेच खाली आल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले. जिन्याची पायरी सुटली आणि पुढे मनोरा होता.

उपग्रहांचे संकेत अधिक अचूक करणाऱ्या यंत्रणेमुळे आता जेथे आयएलएस नाही तेथेही घसरगुंडीसारखा सलग उतार मिळू शकतो. अमेरिकेत अशी यंत्रणा २००३ पासून वापरात आहे. भारताच्या ‘गगन’ यंत्रणेच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे एटीआर विमान उतरवण्यात आले होते.

पंचवीस सेकंदांचा हिशेब

कोणत्याही मार्गाला एक तळ असतो. साध्या आयएलएसमध्ये तो सर्वसाधारणपणे जमिनीपासून २०० फुटांवर असतो. या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे मार्गदर्शक दिवे स्पष्ट दिसले तरच पुढे जायचे. एरवी पूर्ण शक्ती देऊन वर झेपावायचे आणि आधीच आखून दिलेल्या मार्गाने सुरक्षित उंची गाठायची. यालाच ‘मिस्ड अ‍ॅप्रोच’ म्हणतात. दोनशे फुटांवरून जमीन गाठायला छोट्या विमानाला सुमारे २५ सेकंद लागतात. विचार करण्यासाठी हा अवधी अपुरा असतो, म्हणून विचार आधीच करून ठेवावा लागतो.

अनुभवी प्रशिक्षकांचा यासाठी एक सोपा मंत्र असतो. प्रत्येक वेळी ‘मिस्ड अ‍ॅप्रोच’ करायचाच आहे, असे धरून खाली या. धावपट्टी दिसली तर तो बोनस समजा. उतार सुरू होण्यापूर्वी मार्गाची दिशा, प्रत्येक पायरीची उंची, तळाची उंची आणि वर जाण्याची वाट हे सारे मोठ्याने म्हणून घेण्याची सवय याचसाठी लावली जाते. जमिनीपासून हजार फुटांवर येईपर्यंत वेग, उतार आणि दिशा स्थिर झाल्या नसतील, तर ओढाताण करून विमान मार्गावर आणण्यापेक्षा पुन्हा वर जाणे श्रेयस्कर मानले जाते.

उंचीमापकाची चूकही प्राणघातक ठरू शकते. हे उपकरण हवेच्या दाबावर चालते आणि स्थानिक दाबाचा आकडा वैमानिकाला त्यात स्वतः भरावा लागतो. प्रत्यक्षापेक्षा दहा मिलिबार अधिक दाब लावला गेला, तर उपकरण सुमारे पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवते. म्हणजे आपण अजून दोनशे फुटांवर आहोत असे वैमानिक समजत असताना विमान जमिनीला टेकलेले असू शकते.

एकट्याचे ओझे

प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. एक विमान हाताळतो, दुसरा उंची वाचतो आणि चूक दाखवतो. खासगी विमानात हे सारे एकाच माणसाला करावे लागते आणि त्याच वेळी नियंत्रकाशी बोलावेही लागते. अशा वेळी ऑटोपायलटचा वापर शहाणपणाचा असतो. मात्र त्यात भरलेला मार्ग बरोबर आहे ना, हे तपासणे वैमानिकाच्याच हाती असते.

सराव हा दुसरा आधार. अमेरिकी नियमांनुसार ढगांतून उड्डाण करणाऱ्या वैमानिकाने मागील सहा महिन्यांत किमान सहा अ‍ॅप्रोच केलेले असावे लागतात. हे कायद्याचे किमान आहे. जाणते वैमानिक स्वतःसाठी याहून कडक मर्यादा घालून घेतात. नियम दोनशे फुटांपर्यंत येऊ देत असले, तरी ढग पाचशे फुटांखाली असतील तर ते निघतच नाहीत किंवा थेट पर्यायी विमानतळ गाठतात. त्यासाठी पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन वर ४५ मिनिटे पुरेल इतके इंधन जवळ ठेवावे लागते.

खरी कसोटी मनाची असते. सुटी संपलेली असते, घर जवळ आलेले असते, उद्या काम असते. दुसऱ्या विमानतळावर उतरून टॅक्सीने घरी जाणे म्हणजे पराभव वाटू लागतो आणि ‘आणखी थोडे खाली जाऊन पाहू’ हा मोह बळावतो. उपकरणे कितीही अचूक झाली तरी या मोहाला आवर घालणारी कळ कोणत्याही कॉकपिटमध्ये बसवलेली नाही.

पावसाळ्यात मुंबईला येणाऱ्या अनेक प्रवाशांनी विमान उतरता उतरता अचानक गर्जना करीत वर झेपावल्याचा अनुभव घेतला असेल. त्या क्षणी पोटात गोळा येतो आणि नंतर उशिराबद्दल कुरकुर होते. प्रत्यक्षात हा आणीबाणीचा प्रकार नसतो. खाली जाण्याइतकी खात्री वैमानिकाला वाटली नाही आणि त्याने वेळेत नकार दिला, इतकाच त्याचा अर्थ असतो.