मदत कोणाच्या हाती पडते?

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. सोयाबीन, कापूस, तूर, हळद ही या भागातली पिके. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला, नद्या-ओढे शेतांत शिरले. त्यानंतर शहरातील मित्रांकडून आम्ही एकच वाक्य ऐकत आलो : 'सरकारने मदत दिली, मग आता तक्रार कसली?' याचे उत्तर रागाने देऊन भागत नाही. हिशेबच मांडावा लागतो.

पहिली गोष्ट ही की, ही मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. सरकारी भाषेत ते 'निविष्ठा अनुदान' आहे, म्हणजे पुढच्या हंगामात बी-खत घेण्यापुरता आधार. पीक विमा निराळा. अनुदानाचा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्या निधीत रुपयातले बारा आणे केंद्राचे, चार आणे राज्याचे.

मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. या पदांची नावे अलीकडे बदलली; लोक मात्र जुनीच घेतात. पीक निदान ३३ टक्के बुडालेले असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये पडतात. तेही २ हेक्टरांपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा जाहीर केले. रक्कम थेट खात्यात जमा होते.

पण खाते कोणाचे? खरा प्रश्न येथे आहे. पैसा सातबाऱ्यावरील नावामागे जातो. पुसेगावच्या बाजूचा आमच्या ओळखीचा एक गडी तीन एकर बटईने करतो. बियाणे निम्मे त्याचे, कष्ट सगळे त्याचे. सोयाबीन पाण्याखाली कुजले तेव्हा पंचनाम्याला बांधावर तोच उभा होता. यादीत नाव लागले ते मालकाचे. मालक भला होता, त्याने निम्मे पैसे आणून दिले. पण जे हक्काचे आहे ते भलेपणावर का सोडावे?

बटई कागदावर का येत नाही? मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे. कागद झाला तर कूळ लागेल ही मालकाची धास्ती. म्हणून सारा व्यवहार तोंडी. आणि जी बाई सोयाबीन काढणीच्या मजुरीवर दिवाळी करते, तिची मजुरी पिकाबरोबरच वाहून गेली. पिकाच्या मदतीत तिच्यासाठी रकानाच नाही.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितली. खडी फोडायला आणि पाझर तलावावर जाणाऱ्याला कोणी सातबारा विचारला नाही; ज्याला हात होते त्याला काम होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. ते काम कष्टाचे होते. त्या काळाचे गोडवे आम्ही गात नाही. पण मदत राबणाऱ्याच्या हाती पडत होती, एवढे खरे.

वाट अशक्य नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांच्या कराराचे पत्र दिले. मालकी मालकाचीच राहते, आणि पीकनुकसानीची मदत कसणाऱ्याला मागता येते. मात्र त्यावर मालकाची सही लागते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे तसा कायदा होईतो निदान बटई ठरवतानाच पाच माणसांत बोलावे : पीक निम्मे तर मदतही निम्मी. आणि तुम्हां श्रोत्यांना एवढेच सांगणे, 'मदत मिळाली' अशी बातमी वाचाल तेव्हा पुढचा प्रश्न जरूर विचारा : कोणाला?