सॅक्सोफोनवादकाची वाटचाल

सॅक्सोफोन हें वाद्य नांदेड-लातूरकडील घरांत क्वचितच कोणीं हातीं घेतलेलें असेल. परंतु त्याचा नाद ज्याच्या कानीं पडला नाहीं असें घर विरळाच. १९५२ सालीं रेडिओ सीलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. चित्रपटगीतांच्या संगतीनें हा नाद गांवोगांवच्या श्रोत्यांपर्यंत पोंचला. गाणाऱ्याचें नांव सर्वांस ठाऊक असे. संगीतकाराचें नांव निवेदक सांगत असे. मात्र ध्रुवपद व अंतरा यांमधील मोकळी जागा ज्याच्या फुंकीनें भरून निघे, त्या वादकाचें नांव सहसा कोणी उच्चारीत नसे. हा वादक कोठून आला, त्याचें शिक्षण कसें झालें आणि कलेचें श्रेय त्याच्या पदरीं कितपत पडलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम वाद्याचा परिचय करून घेऊं. बेल्जम देशांत जन्मलेल्या अॅडॉल्फ सॅक्स ह्या कारागिरानें तें घडविलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. त्याचें अंग पितळेचें, तथापि त्याची गणना लांकडी सुषिर वाद्यांत होते. कारण त्यांतील नाद मुखाशीं बसविलेल्या वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनानें उत्पन्न होतो. सनईची पत्ती दुहेरी, ह्याची एकेरी. नळी मात्र दोहोंची निमुळतीच. पत्तीवरील ओठांचा दाब किंचित् सैल वा घट्ट केला कीं स्वर खालींवर सरकतो. त्यामुळें पेटीवर जी मींड निघत नाहीं, ती ह्या वाद्यांतून काढतां येते. हा गुण पुढें फार मोलाचा ठरला.

ज्या संगीतानें सॅक्सोफोनला कीर्ति मिळवून दिली, तें जॅझ. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिअन्स शहरीं, तेथील कृष्णवर्णी समाजांत तें वाढीस लागलें. एक ठरीव चाल व तिच्या बुडाशीं ठरीव क्रमानें फिरणारे स्वरसंघ, ही त्याची चौकट. चाल एकदां वाजवून झाली कीं वादकानें त्याच चौकटींत तत्क्षणीं सुचेल ती नवी रचना करावयाची. ख्यालगायक रागाची मर्यादा पाळून विस्तार करतो आणि समेवर येतो. जॅझवादकहि आवर्तन संपतां संपतां मूळ जागीं परततो. भेद इतकाच कीं, गवयास रागाचें बंधन असतें, तर जॅझवादकास क्षणोक्षणीं पालटणाऱ्या स्वरसंघांचें.

मुंबईस हें संगीत जाणत्या हातांनीं आलें. १९३५ सालीं लिऑन अॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णी वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत दाखल झाला. क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे कसलेले कलावंत त्यानंतर येथें वाजवूं लागले. त्यांच्यापासून धडे घेण्यास सर्वांत अधिक सिद्ध होते ते गोमंतकीय तरुण. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या गांवोगांवीं चर्चच्या संगीतशाळा चालत. तेथें मुलांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिनसारखें वाद्य वाजवावयास शिकवीत. हें शिक्षण देवळाच्या सेवेसाठीं असे. परंतु तेंच पुढें पोटापाण्याचें साधन झालें. मुंबईस आलेला मुलगा धोबीतलावाकडील आपल्या गांवच्या ‘कुडां’त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत उतरे आणि काम शोधूं लागे.

अशा वादकांस हॉटेल ही पहिली पायरी होती. सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजविणारे मिकी कोरिया यांनीं १९३९ पासून सुमारें दोन दशकें ताजमहालांतील वाद्यवृंद चालविला. हळदोणें गांवचे अँटोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकोलेट’ ह्या नांवानें ट्रंपेटवादक म्हणून गाजले. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरला, आणि अनेक वादकांनीं चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची वाट धरली.

तेथें त्यांची गांठ मराठी माणसाशींहि पडली. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं जॅझची लय हिंदी गीतांत मोकळ्या मनानें आणली. त्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत चिक चॉकोलेट व त्यांचे साथी पडद्यावरहि दिसले. मात्र हा मान अपवादात्मक होता. संगीतकारानें चाल द्यावी. सॅबेस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या जाणकारानें ती पन्नास-साठ वादकांसाठीं कागदावर उतरवावी, मधल्या जागा भराव्या. आणि वादकांनीं त्या दिवसाचा मोबदला घेऊन घरीं जावें, अशी रीत पडली. ध्वनिमुद्रिकेवर ह्यांतील बहुतेकांचीं नांवें नसत.

मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचें चरित्र ह्याचें उत्तम उदाहरण होय. कलकत्त्यांतील नेपाळी कुटुंबांत जन्मलेले हे सॅक्सोफोनवादक १९५८ च्या सुमारास मुंबईस आले. ‘गाइड’ (१९६५) मधील ‘गाता रहे मेरा दिल’ व ‘आराधना’ (१९६९) मधील ‘रूप तेरा मस्ताना’ ह्या गीतांतील सॅक्सोफोन त्यांचाच. राहुल देव बर्मन यांचे ते प्रमुख साहाय्यक झाले. बासु चक्रवर्ती यांच्या जोडीनें त्यांनीं ‘सबसे बडा रुपय्या’ (१९७६) चित्रपटास स्वतंत्र संगीतहि दिलें. तरी त्यांचा नाद ओळखणारे लाखों आणि नांव ओळखणारे थोडे, अशीच स्थिति दीर्घकाळ राहिली.

तिसरी वाट स्वतःच्या रचनेची. ती धरणाऱ्यांत गोव्यांतील नेवरा गांवचे ब्राझ गोन्साल्विस अग्रगण्य होत. १९७० सालीं त्यांनीं ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. रागाचे स्वर घेऊन त्यांवर जॅझचा विस्तार करावा, हा त्यांचा ध्यास. वर सांगितलेला मींडेचा गुण येथें उपयोगी पडला. पियानोवादक लुई बँक्स हे त्यांचे सहकारी. पुढें कर्नाटक पद्धतीच्या गायिका रमामणि यांच्यासमवेतहि त्यांनीं वादन केलें. १९७८ सालीं मुंबईच्या रंगभवनांत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. सॉनी रोलिन्ससारखे जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक जेथें वाजवून गेले, त्या यात्रेनें हिंदी वादकांच्या स्वतंत्र प्रयोगांसहि व्यासपीठ दिलें. उत्तरायुष्यांत ब्राझ यांनीं गोव्यांत राहून भक्तिसंगीताकडे मन वळविलें. चर्चशाळेंतून निघालेली परंपरा जणूं पुनः चर्चकडे आली.

ह्या तिन्ही वाटा एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानीं येते. हॉटेल व चित्रपट यांनीं वादकास अन्न दिलें, पण नांव दिलें नाहीं. स्वतंत्र रचनेनें नांव दिलें, पण तीवर संसार चालणें कठीण. १९८० नंतर विद्युत् वाद्यें आलीं. एका माणसाच्या दहा बोटांनीं अनेकांचें काम होऊं लागलें, आणि मोठे वाद्यवृंद आटत गेले. तेव्हां ज्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नव्हतीं, त्यांच्या हातीं आपल्या उभ्या आयुष्याच्या कामाचा पुरावाहि उरला नाहीं.

ह्यावर रसिकाला करण्यासारखें कांहीं आहे काय? आहे. जुनें गीत लागलें असतां शब्द थांबल्यावर कान काढून न घेतां पुढील आठ-दहा क्षण लक्ष द्यावें आणि तेथें कोण वाजवितो ह्याची चौकशी करावी. हीच दृष्टि घराजवळहि ठेवावी. वरातींत क्लॅरिनेटवर गीताचें सबंध अंग उठविणारा बँडवाला हाहि त्याच बिरादरींतला कलावंत. त्याला बिदागी देतांना त्याचें नांवहि विचारावें. बिदागी त्या रात्रीपुरती पुरते. नांव मात्र कोणाच्या तरी स्मरणांत राहतें.