धुरीचे विष आणि पेशींचे बीज

विषबाधा म्हटली की दाह, वमन, कंप, मोह ही लक्षणे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. काही कीडनाशक द्रव्यांचा आघात मात्र लक्षणे दिसण्यापूर्वीच पेशीच्या केंद्रकात घडतो. इथिलीन ऑक्साइड हा वायू त्यांपैकी होय. रुग्णालयीन उपकरणे निर्जंतुक करणारा हा वायू मसाले व तेलबियांच्या धुरीसाठीही वापरला गेला आहे.

तो डीएनएतील ग्वानीन या घटकाशी थेट जोडला जातो. हा आघात पाहण्याची एक पद्धत आम्हास विशेष उद्बोधक वाटते. अस्थिमज्जेत तयार होणारी तांबडी पेशी पक्व होताना आपले केंद्रक बाहेर टाकते. परंतु गुणसूत्र तुटलेले असल्यास त्याचा तुकडा मागे राहतो आणि रंजनानंतर ठिपक्यासारखा दिसतो. उंदरांत या वायूमुळे असे ठिपके वाढलेले आढळले. एवढेच नव्हे, तर वायू दिलेल्या नरांचा निरोगी माद्यांशी संयोग घडविल्यावर काही गर्भ आरंभीच मृत झाले. चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितलेली बीजभागावयवाची दुष्टी येथे सहज आठवते. तथापि, दूषीविष म्हणजेच हे, असे समीकरण घाईने मांडणे आम्हास उचित वाटत नाही. दूषीविषाची संप्राप्ती व्यापक आहे.

मग औषधनिर्मात्यांनी याची चिंता का करावी? कारण विषय तिळाचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात या वायूचे अवशेष सापडले. तेथे शेतमालावरील त्याचा वापर १९९१ पासूनच निषिद्ध असून तिळासाठी किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा होती. साल्मोनेला जंतूंपासून माल वाचविण्याच्या उद्देशानेच ही धुरी दिली जाते, हा दैवदुर्विलास म्हणावा. तैलपाकाचा आधार ज्या तिळावर, त्याची धुरी कोणी व कशाने दिली हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

वायू उडून जातो हे समाधानही पुरेसे नाही. त्यापासून २-क्लोरोइथेनॉल हे द्रव्य बनून मालात राहते, म्हणून युरोपात दोहोंची एकत्रित मोजणी होते. कीडनाशकांच्या नेहमीच्या अवशेष-तपासणीत ही दोन्ही द्रव्ये येत नाहीत. त्यांची तपासणी स्वतंत्र पद्धतीने करावी लागते. तेव्हा तीळ खरेदी करताना पुरवठादाराकडून मागावयाच्या प्रमाणपत्रात या दोहोंचा नामनिर्देश अवश्य करून घ्यावा.