अवकाशातल्या गव्हाचं पीक

साल 1967. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात चित्रपटाचं शिक्षण घेणारा जॉर्ज नावाचा मुलगा पटकथेवर अडून बसलाय. गोष्ट काय, तर अवकाशातल्या गव्हाचं पीक बुडतं आणि त्या साली एका शेतकऱ्याचा पोर जाणता होतो. ती पुढे सरकत नाही. सरकणार तरी कशी? इकडे प्राध्यापक वाक्यांची शेपटं पुढे आणून बोलतात. प्रतिस्पर्धी विद्यार्थी दम्याचा पंप ओढत घरघरत्या श्वासानं टोमणे मारतो. मॅरियन नावाची मुलगी भेटते, तर तिच्या दोन्ही कानांवर केसांचे गोल अंबाडे! योडा, डार्थ व्हेडर, लेया सगळे समोरून ये-जा करतात. ‘स्टार वॉर्स’ पाहिलेला प्रेक्षक हसत सुटतो. दिसत नाही ते एकट्या जॉर्जला.

‘जॉर्ज लुकास इन लव्ह’ हा जो नुसबॉम याचा जेमतेम नऊ मिनिटांचा लघुपट 1999चा. आदल्याच वर्षी ‘शेक्सपिअर इन लव्ह’ आला होता आणि त्यानं सात ऑस्कर पटकावले होते. त्यातला शेक्सपिअर ‘रोमिओ आणि चाच्याची पोर एथेल’ अशा छापाच्या नाटकावर अडलेला. मग तो प्रेमात पडतो आणि लेखणी धावू लागते. नुसबॉमनं साचा तोच ठेवला, त्यात माणूस दुसरा बसवला. त्यामुळे वरवर लुकासची थट्टा वाटली, तरी बाण लागतो तो चरित्रपटांच्या एका लाडक्या समजुतीला: लेखकाला सुचत नसेल तर त्याला घराबाहेर काढा, सगळं रस्त्यावर तयारच पडलेलं असतं. आपल्याकडचे चरित्रपटही यात मागे नाहीत. कवी खिडकीतून नदीकडे बघतो आणि पुढच्याच दृश्यात गाणं चालीसकट हजर. खाडाखोड करत बसलेला माणूस पडद्यावर दाखवायचा तरी किती वेळ, हीही दिग्दर्शकाची अडचण खरीच म्हणा.

प्रत्यक्षात लुकासनं ‘स्टार वॉर्स’ लिहायला घेतलं ते 1973मध्ये, कॉलेज सुटून बरीच वर्षं झाल्यावर. सुरुवातीचं टिपण इतकं क्लिष्ट होतं की ते वाचून कुणाला काही उमगेना. मग अकिरा कुरोसावाच्या ‘हिडन फोर्ट्रेस’चा आधार घेऊन त्यानं नव्यानं आराखडा केला. त्यात ल्यूक स्कायवॉकर हा चक्क वयस्क सेनापती होता! युनायटेड आर्टिस्ट्स आणि युनिव्हर्सलनं नकार दिला, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं होकार दिला, तरी खर्डे पडतच राहिले. 1976च्या चित्रीकरणाआधी संवादांवर विलार्ड हाइक आणि ग्लोरिया कॅट्झ या दांपत्यानं हात फिरवला. पडद्यावर त्याचं श्रेय नाही.

म्हणजे आजूबाजूचं काहीच कामी आलं नाही असंही नाही. लुकासचा दांडगा केसाळ कुत्रा गाडीत पुढच्या सीटवर ऐटीत बसायचा, त्यातून च्युबाका हे पात्र आलं. ‘आर-टू डी-टू’ हे यंत्रमानवाचं नाव लुकासच्याच ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाच्या वेळी कानावर पडलं: रीळ दोन, संवाद दोन. गव्हाचा विनोदही तसा हवेतला नाही. लुकास मोडेस्टो या शेतीच्या मुलखातला. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान, पुढे घर अक्रोडाच्या बागेत. शेतावर कंटाळलेला ल्यूक कुठून आला असेल, ते कळतं. फक्त कुत्र्यापासून च्युबाकापर्यंतचं अंतर एका दुपारचं नव्हतं, आणि लघुपट ते मुद्दाम एका दुपारचं असल्यासारखं दाखवतो.

हा लघुपट काढणारी मंडळी त्याच विद्यापीठातून बाहेर पडलेली आणि कामाच्या शोधात. निर्मात्यांच्या टेबलावर ठेवायचं ओळखपत्र म्हणून त्यांनी सुमारे 25,000 डॉलर घातले. ऑक्टोबर 1999मध्ये तो इंटरनेटवर आला. यूट्यूब यायला अजून सहा वर्षं होती, चित्र थांबत-थांबत दिसायचं, तरी लोकांनी पाहिला. पुढे त्याची व्हिडिओ कॅसेट अमेझॉनच्या विक्रीच्या यादीत काही काळ खुद्द लुकासच्या ‘फँटम मेनेस’च्याही वर होती. लुकासनं कौतुकाचं पत्र पाठवलं. वकिलाची नोटीस आली नाही, हे हॉलिवूडच्या मानानं विशेषच.

लघुपटाचा शेवटचा धक्का इथे फोडत नाही. मूळ तीन चित्रपट पाहिलेल्यांनी ल्यूक आणि लेयाचं नातं आठवावं. ओळखपत्र मात्र चाललं. सहलेखक टिमथी डाउलिंग पुढे ‘रोल मॉडेल्स’ (2008)च्या पटकथेत होता, तर नुसबॉमला ‘स्लीपओव्हर’ (2004), ‘सिडनी व्हाइट’ (2007) असे पूर्ण लांबीचे चित्रपट मिळाले. किशोरवयीनांसाठीचे, नीटनेटके. त्या नऊ मिनिटांतला खट्याळपणा त्यांत शोधावा लागतो.