डोंगराचं गवत आणि आपल्या शेळ्या

आज डोंगराविषयी बोलू, आणि आपल्याकडे डोंगर म्हटला की शेळी आलीच.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेकडे अजिंठ्याची रांग. नळगंगा, ज्ञानगंगा अजिंठ्याच्या रांगेतून उतरतात, वाण सातपुड्यातून, आणि सगळ्या पूर्णेला मिळतात. म्हणजे तुम्ही घाटावर राहा की घाटाखाली, उतारावर जे होतं ते तुमच्या विहिरीत दिसतं.

पूर्वी झड लागायची. आठ-आठ दिवस भुरभुर, पाणी मुरत राहायचं. आता खंड मोठा पडतो आणि मग एका रात्रीत कोसळतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोदकडे काय झालं, आठवा. कित्येकांची शेतं खरडून गेली.

थोडा हिशोब करू. एक हेक्टर उतारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरतं ५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ५० टँकर! बोडक्या मुरमाड उतारावरून ते माती घेऊन धावतं. गवत असेल तर त्याचा वेग मोडतो, मुळांच्या वाटेनं ते खाली मुरतं. म्हणूनच उताराला आडवे समपातळीत चर खोदतात. पण वर गवत नसेल, तर चर एक-दोन पावसाळ्यांतच गाळानं भरतात. खड्डे खोदले आणि फोटो काढले, एवढ्यानं डोंगर सावरत नाही.

गवत राखायचं म्हणून ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव येतो. ठराव मांडणारे बहुतेक विहीर-बागायतवाले. शेळ्या कुणाच्या? भूमिहीन बाईच्या, एकट्या बाईच्या. पोराची फी, दवाखाना, सगळं तिच्या शेळीवर. तिला न विचारता केलेली बंदी रात्री मोडते, आणि भांडण बायकाबायकांत लागतं.

माझं मत असं की सगळा डोंगर एकदम बंद करू नये. त्याचे तीन भाग करा. एक भाग दोन-तीन वर्षं राखा, दोन चराईला ठेवा, मग पाळी बदला. राखलेल्या भागात गवताचं बी पडल्यावर विळ्यानं कापून न्यायला मोकळीक द्या आणि पहिला हक्क शेळीवालीला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं मोकळी चराई बंद केली, पण गवत कापून न्यायची वाट ठेवली. तिथं पुढं दूध वाढलं.

शेळी मात्र गाईसारखी गवतावर राजी नसते, तिला पाला हवा. बांधावर, परसात शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. नुसती सुबाभूळ घालू नका. रोजच्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्शापर्यंतच बरी.

चराचं काम उन्हाळ्यात उरकावं, पवना, मारवेलचं बी पहिल्या पावसात टाकावं. जमीन वनखात्याची असेल तर खोदण्याआधी त्यांच्याशी बोला. गावाला २००६ च्या कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर जंगल राखण्याचा आणि वापराचे नियम ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. तिथं बायकांनी मागच्या रांगेत बसू नये.

तर पुढच्या गट बैठकीत कर्जहप्ते झाले की एक कागद घ्या. कुणाकडे किती शेळ्या, त्या कोणत्या उतारावर जातात, कुणाला जमीन नाही, हे लिहून काढा. ठराव येईल तेव्हा तो कागद सरपंचांपुढं ठेवा.